मुलांचं लक्ष, चिडचिड आणि डबा : बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या पालकांसाठी

अळीवलाडू

शाळा सुरू झाल्या की तेच प्रश्न परत येतात. पोरगं एका जागी बसत नाही, अभ्यासाला बसवलं की पाच मिनिटांत उठतंय, कशावरूनही चिडतंय. मग बाहेरचं बंद करू का, साखर तोडू का, दुधात कुठली पावडर घालू? आहारशास्त्राच्या बाजूनं जे ठामपणे सांगता येतं ते मांडते. डॉक्टर, शिक्षक आणि अन्नतपासणीतले लोक या मंचावर आहेत, त्यांनी भर घालावी आणि चुकेल तिथं टोकावं.

माझ्या मते लक्ष आणि वागणं बिघडवणाऱ्या गोष्टी या क्रमानं तपासाव्यात: रिकामं पोट, लोहाची कमतरता, चहा आणि एनर्जी ड्रिंक, अपुरी झोप, आणि मग कृत्रिम रंग. साखर बरीच खाली. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, साखरेवर सगळा राग निघतो आणि सकाळचं उपाशी पोट कुणाच्या लक्षातही येत नाही.

सकाळचंच घ्या. अर्धा कप चहा आणि दोन बटर किंवा खारी, एवढ्यावर मूल व्हॅनमध्ये बसतं. त्यात प्रथिनं जेमतेम तीन ग्रॅम. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या तक्त्याप्रमाणे ७ ते ९ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज २३ ग्रॅम आहे. मैदा भरभर पचतो, रक्तातली साखर चढते आणि उतरते, दहा-साडेदहाला पोटात कावळे ओरडायला लागतात. नेमका तोच गणिताचा तास. त्या वेळी खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलाला 'एकाग्रता नाही' म्हणण्याआधी सकाळी काय खाल्लं ते विचारावं.

सकाळी आठ-दहा ग्रॅम प्रथिनं पोटात जावीत एवढंच बघा. हिशोब सोपा आहे. पन्नास ग्रॅम ज्वारीच्या पिठाची भाकरी पाच ग्रॅम, दोन मोठे चमचे शेंगा चटणी चार-पाच ग्रॅम, एक अंडं सहा ग्रॅम, दीडशे मिली दूध पाच ग्रॅम. यातलं कुठलंही दोन घ्या. रात्रीची भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून दिली तरी चालते, त्यात कमीपणा काही नाही. सकाळी भूकच लागत नाही अशी तक्रार असेल तर रात्रीचं जेवण किती वाजता होतंय ते बघा. साडेनऊला जेवून लगेच झोपणाऱ्या मुलाला सहाला भूक लागणारच नाही. जेवण आठच्या आत आणा, चार-पाच दिवसांत फरक दिसतो.

फळा_आणि_खडू

ताई, क्रम पटला. शाळेच्या बाजूनं थोडं.

सरकारी मराठी शाळांत कर्नाटक सरकारच्या क्षीरभाग्य योजनेचं दूध (२०१३ पासून), बिसीऊट म्हणजे दुपारचं गरम जेवण, अंडं नाहीतर केळं, शिवाय २०२४ पासून दुधात नाचणीचं माल्ट, एवढं मिळतंय. कागदावर उत्तम आहे. पण दप्तरात पाच-दहा रुपयांची दोन पाकिटं घेऊन आलेलं मूल साडेअकराला ती संपवतं आणि बिसीऊटच्या ताटात भात चिवडत बसतं. मधल्या सुट्टीनंतरचे दोन तास त्याचे गेले म्हणून समजा. पाकिटातलं काय वाईट, यापेक्षा त्या पाकिटानं ताटातलं काय बाहेर काढलं हे बघायला पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची, हिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. शाळेचं संडास-बाथरूम घाण असलं की मुली, विशेषतः पाचवीनंतरच्या, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. दुपारी डोकं दुखतं, पेंग येते, चिडचिड होते. सात-आठ वर्षांच्या मुलानं दिवसभरात साधारण सव्वा लिटर तरी पाणी प्यावं, उन्हाळ्यात जास्त. बाटली भरलेलीच घरी परत येत असेल तर मुलीला बोलून उपयोग नाही. एसडीएमसीच्या (शाळेची पालक-समिती) बैठकीत स्वच्छतागृहाचा विषय घ्या.

निपाणकर

हे सगळं ठीक, पण साखर खाली म्हणता? वाढदिवसाला केक आणि कोल्ड्रिंक झालं की पोरं भिंतीवर चढतात, हे कुणीही बघितलेलं आहे वो.

मलप्रभाकाठ

निपाणकर, पोरं चढतात ते खरं. साखरेमुळं चढतात हे मात्र टिकलेलं नाही. साखर आणि गोडीसाठीचा दुसरा पदार्थ, कुणाला काय दिलंय ते मुलांना, आई-वडिलांना आणि तपासणाऱ्यांनाही माहीत नाही, अशा चाचण्या ऐंशीच्या दशकापासून झाल्या. १९९५ मध्ये जामा या वैद्यकीय नियतकालिकात अशा २३ चाचण्यांचा एकत्र आढावा आला, त्यात वागणुकीवर किंवा आकलनावर साखरेचा परिणाम सापडला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयोग आणखी मजेशीर. मुलांना प्रत्यक्षात बिनसाखरेचं पेय दिलं, पण काही आयांना सांगितलं की साखरेचं दिलंय. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल दिसली, आणि त्या मुलांच्या जास्त जवळ राहून सारख्या सूचना देत होत्या. वाढदिवसाला वीस पोरं, मोठ्यानं गाणी, फुगे, जेवायला उशीर, एवढं असल्यावर साखरेची गरजच काय?

म्हणून साखर मोकळी सोडा असं नाही. दात, वजन, आणि पोट भरून दुसरं काही न खाणं, ही तिला लगाम घालायला पुरेशी कारणं आहेत. आयसीएमआर-एनआयएनच्या (राष्ट्रीय पोषण संस्था) २०२४ च्या मार्गदर्शिकेत वरून घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे पाच सपाट चमचे. दोन वर्षांखालच्या बाळाला अजिबात नाही.

आणि गूळ म्हणजे साखर नव्हे, हा आपल्या ऊसपट्ट्यातला लाडका समज. गुळातही बहुतेक साखरच असते. चमचाभर गुळातून मिळणारं लोह धरण्यासारखं नसतं. चवीसाठी घाला, औषध म्हणून घालू नका.

कुंदानगरी

मग गोबी मंच्युरियनचं काय? शाळा सुटल्यावर कोपऱ्यावरच्या गाड्यावर रांग असते. रंगानं खरंच काही होतं की तेही साखरेसारखंच?

घटप्रभा

रंगाचं तसं नाही, तिथं पुरावा आहे. किती आहे ते नीट सांगतो, कारण दोन्ही बाजूंनी फुगवून सांगितलं जातं.

२००७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडच्या साउथॅम्प्टनचा अभ्यास आला. तीन वर्षांची १५३ आणि आठ-नऊ वर्षांची १४४ मुलं. रोज फळांचा रस, कधी साधा, कधी रंग आणि सोडियम बेन्झोएट (पदार्थ टिकवायला घालतात ते) घातलेला. दिसायला-चवीला सारखाच. तीन वर्षांच्या मुलांच्या एका मिश्रणात दिवसाला २० मिलिग्रॅम रंग आणि ४५ मिलिग्रॅम बेन्झोएट होतं. रंगवाल्या आठवड्यांत चंचलता सरासरीनं थोडी वाढली. 'थोडी' हा शब्द विसरू नका. काही मुलांत चांगलीच वाढली, काहींत काहीच नाही. त्यानंतर युरोपीय संघानं जुलै २०१० पासून त्या सहा रंगांच्या खाण्यावर 'मुलांच्या हालचालीवर व लक्षावर वाईट परिणाम होऊ शकतो' अशा अर्थाची ओळ छापणं सक्तीचं केलं. सहातले चार आपल्या पाकिटांवर सर्रास सापडतात: १०२ टारट्राझिन, ११० सनसेट यलो, १२२ कार्मोइसिन, १२४ पॉन्सो ४आर.

आता गोबीचा हिशोब. आपल्याकडे ज्या पदार्थांत हे रंग चालतात तिथं साधारण मर्यादा किलोला १०० मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेत राहूनसुद्धा २०० ग्रॅमच्या पदार्थात २० मिलिग्रॅम, त्या अभ्यासातल्या डोसाएवढा. गाड्यावर तराजू कुठला, चिमटीनं घालतात. चिमूट दोन-तीन पट सहज होते. शिवाय गोबी हा मुळात रंग चालणारा पदार्थच नाही. कर्नाटक सरकारनं मार्च २०२४ मध्ये गोबी मंच्युरियनमध्ये कृत्रिम रंग आणि कापूसमिठाईत ऱ्होडामिन-बी यांवर बंदी आणली, जूनमध्ये कबाबही त्यात आले. ऱ्होडामिन-बी हा खाण्याचा रंगच नव्हे, तो कापडाचा. गुलाबी कापूसमिठाई घेऊच नका, पांढरी घ्या.

गाडेवाल्यांनाही सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. लाल रंग ब्याडगी मिरचीनं उत्तम येतो, फक्त रीत पाहिजे. अर्धा किलो फ्लॉवरला सहा-सात ब्याडगी, बिया काढून कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवायच्या, गुळगुळीत वाटायच्या, आणि वाटण आधी तेलात दोन मिनिटं परतायचं. मिरचीचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. थेट सॉसच्या पाण्यात घातलं की विटकरी, मेलेला रंग येतो आणि मग डबीतल्या लाल पुडीचा मोह होतो. बीट घालून उपयोग नाही, तापवलं की तपकिरी पडतं.

रंग कृत्रिम आहे का हे बघायची जुनी चाचणी घरीही जमते. खऱ्या लोकरीचा पांढरा धागा घ्या, ॲक्रिलिकचा चालत नाही, बहुतेकांचं इथंच फसतं. धागा साध्या पाण्यात उकळून तेलकटपणा काढा. गोळ्याचं सरबत, रंगीत पेप्सीच्या नळीतलं पाणी, काय असेल त्यात चमचाभर व्हिनेगर घालून धागा पाच-दहा मिनिटं उकळा. वाहत्या पाण्याखाली धुवा. रंग धाग्याला चिकटून राहिला तर कृत्रिम, धुऊन गेला तर बहुधा नैसर्गिक. हा रंग परवानगीचा की बिनपरवानगीचा ते यातून कळत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

पिवळ्या जिलेबीत, डाळीत, बेसनात मेटॅनिल यलो हा बिनपरवानगीचा रंग सापडतो. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले की जांभळट गुलाबी होतो. पण हळदही आम्लानं गुलाबी होते! फरक असा की पाणी घालून पातळ केल्यावर हळदीचा गुलाबी जातो, मेटॅनिलचा राहतो. ही चाचणी शाळेच्या प्रयोगशाळेत करावी, संडास धुवायच्या ॲसिडनं घरी करू नये. त्या बाटलीत रंग आधीच असतो.

हळदीवरून आणखी एक, आणि माझ्या मते रंगापेक्षा गंभीर. पिवळेपणासाठी लेड क्रोमेट, म्हणजे शिसं, लावलेली हळद. शिशाचा मुलांच्या लक्षावर आणि बुद्धीवर होणारा परिणाम पक्का सिद्ध आहे आणि तो पुरता भरून येत नाही. अख्खी हळकुंडं पाण्याच्या ग्लासात टाका, पाणी लगेच गडद पिवळं झालं तर घेऊ नका. सांगलीची बाजारपेठ शेजारी आहे, हळकुंडं घेऊन गिरणीत दळून आणणं आपल्याला अवघड नाही.

निपाणकर

वाखूसा (वाचनखूण साठवली). साखरेचं मान्य केलं, अर्धं. पाकिटावर नक्की काय वाचायचं ते पण एकदा सांगा साहेब. अक्षरं मुंगीएवढी.

घटप्रभा

तीन जागा वाचा. पहिली, घटकांची यादी. ती वजनाच्या उतरत्या क्रमानं असते. पहिल्या तिनांत मैदा, साखर, पामतेल असेल तर पुढं 'मल्टिग्रेन' नाहीतर 'नाचणी' लिहिलंय याला अर्थ नाही. नाचणी बिस्किटात नाचणी किती टक्के, हे कंसात दिलेलं असतं, ते बघा. दुसरी, त्याच यादीतले आकडे: वरचे चार रंग आणि २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट. तिसरी, पोषणतक्ता. आकडे शंभर ग्रॅमचे की एका 'सर्व्हिंग'चे, हे आधी ठरवा. पाकीट ७० ग्रॅमचं आणि सर्व्हिंग ३५ ग्रॅमचं छापलं तर मूल दोन सर्व्हिंग खातं, अर्धं कुणी परत ठेवत नाही. सोडियमला अडीचनं गुणलं की मीठ येतं. हजार मिलिग्रॅम सोडियम म्हणजे अडीच ग्रॅम मीठ, मोठ्या माणसाच्या दिवसाच्या मर्यादेच्या निम्मं.

दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरींना 'हेल्थ ड्रिंक' म्हणायची पद्धत आहे, पण अन्नसुरक्षा कायद्यात असा प्रकारच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रानं ऑनलाइन दुकानांना त्या विभागातून अशी पेयं काढायला सांगितलं. तक्त्यात साखर शंभराला किती ते बघा. तीस-पस्तीस असेल तर २० ग्रॅम पावडरीतून सहा-सात ग्रॅम गेली, वर घरची साखर वेगळी.

कुंदानगरी

आणि वीस रुपयांच्या त्या एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या? आठवी-नववीची पोरं क्रिकेटच्या मॅचला सर्रास पितात.

मलप्रभाकाठ

त्यावर माझं मत कडक आहे: अठरा वर्षांखाली एकही नको. लेबलावरच मुलांसाठी नाही असं छापलेलं असतं. आपल्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असतं. वरच्या टोकाला २५० मिलीच्या बाटलीत ७५ मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं मुलांसाठी दिवसाला किलोमागं ३ मिलिग्रॅमचा आधार धरलाय. वीस किलोच्या मुलाला ६० झाले, एक बाटली त्याच्या पलीकडं जाते. कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला प्यायलेलं रात्री दहाला निम्मं शिल्लक, झोप उशिरा, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात जे दिसतं त्याला आपण चंचलपणा म्हणतो. शाळकरी मुलाला नऊ ते बारा तास झोप लागते. कमी झोपलेलं मूल मोठ्या माणसासारखं पेंगत नाही, ते उलट जास्त धडपडतं. म्हणून ओळखू येत नाही.

आता लोह. या धाग्यातला हा भाग माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा.

एनएफएचएस-५ या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे (२०१९-२१) कर्नाटकात सहा महिने ते पाच वर्षांच्या ६५.५ टक्के मुलांत रक्तक्षय आहे. दर तिघांत दोन. मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या विकराला लोह लागतं, म्हणून हिमोग्लोबिन फार उतरण्याआधीच लक्ष, उत्साह आणि झोप बिघडू शकते. मूल माती-खडू खातंय, रात्री पाय सारखे हलवतंय, थोडं पळालं की दमतंय, असं असेल तर आधी रक्त तपासा. पाच ते अकरा वर्षांत हिमोग्लोबिन ११.५ च्या खाली म्हणजे कमी, १२ ते १४ मध्ये १२ च्या खाली. जमलं तर फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करा, पाच वर्षांपुढं १५ च्या खाली म्हणजे साठा संपला. ताप-सर्दीत फेरिटिन खोटंच वर दिसतं, तेव्हा दोन-तीन आठवडे थांबून करा.

गरज ७ ते ९ वर्षांत दिवसाला १५ मिलिग्रॅम, १० ते १२ च्या मुलींना तब्बल २८. आपल्या पानातलं लोह बहुतेक धान्य-कडधान्यांतलं, ते आतड्यात जेमतेम शोषलं जातं. लिंबू, पेरू, आवळा सोबत असला की शोषण वाढतं, चहा असला की कोसळतं. हुलग्यात शंभर ग्रॅमला साडेआठच्या वर मिलिग्रॅम लोह आहे, पण हुलग्याच्या पिठल्याबरोबर भाकरी आणि लगोलग चहा म्हणजे एका हातानं दिलं, दुसऱ्यानं काढलं. जेवणाच्या आधी-नंतर एक तास चहा-कॉफी नको. दहा वर्षांखाली चहा मुळातच नको, पण घरात तेवढं युद्ध करायचं नसेल तर निदान वेळ तरी हलवा.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (पाच ते नऊ वर्षं गुलाबी, ४५ मिलिग्रॅम, दहा ते एकोणीस निळी, ६० मिलिग्रॅम) जेवणानंतर पाण्याबरोबर घ्यायची, दुधाबरोबर नाही. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळतं आणि 'गोळीनं आजारी पडलं' म्हणून गावभर होतं. शौच काळी होते, घाबरू नका. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टची जंताची गोळी चुकवू नका, जंत असले तर लोह तिकडंच जातं. घरी गोळ्यांची डबी लहान भावंडांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका. लोहाचा जादा डोस लहान मुलाच्या जिवावर बेततो.

चंदगडी_नाचणी

नाचणीचं सत्त्व सगळे करायचं म्हणतात आणि अर्ध्यांचं पावसाळ्यात आंबतं. रीत देते.

एक किलो नाचणी तीन-चार पाण्यांनी धुऊन खडे रोळून काढा. बारा तास भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला. पूर्ण निथळा, सुती फडक्यात सैल बांधा, २४ ते ३६ तास. खानापूरकडच्या पावसात दमट हवेत सगळ्यात जास्त इथं बिघडतं: गाठोडं घट्ट बांधलं की आत ऊब धरते, वास येतो, बुरशी येते. दर सात-आठ तासांनी गार पाण्यात बुडवून परत निथळा. काळे-हिरवे ठिपके दिसले तर सगळं टाका, वरचं काढून खालचं वापरू नका. मोड पाव इंच झाले की पंख्याखाली पसरा, मग एक दिवस ऊन. हातानं चोळून मोड झाडा, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं भाजा, दळा, चाळा.

करताना वीस ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, आधी अर्धा कप गार पाण्यात कालवा. गरम दुधात थेट पीठ टाकलं की गुठळ्या ठरलेल्याच. ते उकळत्या दीडशे मिली पाण्यात ओता, चार-पाच मिनिटं हलवा. ताक-मीठ घालून आंबील, नाहीतर दूध आणि चमचाभर गूळ. मोडाच्या पिठाची पेज पातळ राहते, म्हणून मूल जास्त पिऊ शकतं.

फक्त हे कॅल्शियमसाठी धरा. शंभर ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. लोहासाठी नाचणीवर विसंबू नका.

शेंगा चटणी मुलांसाठी: पाव किलो शेंगदाणे, चार-पाच ब्याडगी, दहा-बारा लसूण पाकळ्या, चमचाभर जिरं, दीड चमचा मीठ, सुपारीएवढा गूळ. दाणे भाजून पूर्ण गार होऊ द्या, गरम वाटले की तेल सुटून गोळा होतो. मिक्सर थांबत थांबत फिरवा. सुरकुतलेले, काळे, कडू दाणे आधीच वेचून टाका. त्यातलं बुरशीचं विष भाजल्यानं पुरतं जात नाही.

अळीवलाडू

+१, वेचण्याचं कुणी सांगत नाही.

आता घरी पडताळा कसा घ्यायचा. 'आमच्या पोरावर रंगाचा परिणाम होतो का' याचं उत्तर कुठल्याच अभ्यासात नाही, ते घरीच काढावं लागतं. वहीत दोनच गोष्टी ठरवा, मोजता येतील अशा. उदाहरणार्थ, गृहपाठाला बसल्यापासून किती मिनिटांनी उठलं, आणि संध्याकाळी किती वेळा आरडाओरडा झाला. 'चांगला दिवस, वाईट दिवस' असं लिहू नका. पहिला आठवडा काही न बदलता नुसतं लिहा. मग दोन आठवडे रंग पूर्ण बंद, मग एक आठवडा आधीसारखं, मग परत बंद. दोन्ही बंद-खेपांना आकडे उतरले आणि मधे चढले, तरच काही म्हणता येईल.

यात काय चुकतं? पहिलं म्हणजे एकाच वेळी सगळं बदलतात. पाकिटं बंद, चहा बंद, मोबाइल बंद, वर बदाम सुरू. मग कशानं फरक पडला ते देवालाच ठाऊक. दुसरं, गणपतीत, ऊरसात, जत्रेत, परीक्षेत सुरुवात करतात. तिसरं, मलप्रभाकाठ डॉक्टरांनी वर सांगितलेल्या आयांसारखं होतं, आपल्याला जे दिसावंसं वाटतं तेच दिसतं. म्हणून नोंद आजीनं किंवा शिकवणीच्या बाईंनी करावी आणि कुठला आठवडा चालू आहे ते त्यांना सांगू नये. दूध, गहू, अंडं असं एकदम सगळं तोडायचे आहार आहेत, ते तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय करू नका. वाढत्या मुलाचं वजन घटतं आणि हाती काही लागत नाही.

आणि बद्धकोष्ठ बघा! मैदा, चिप्स, कमी पाणी, शाळेत संडास टाळणं. चार-चार दिवस पोट साफ नसलेलं मूल खुर्चीत वळवळणारच. पपई, पेरू, पालेभाजी, पाणी, आणि सकाळी जेवल्यावर दहा मिनिटं निवांत बसवणं. दोन आठवड्यांत सुटलं नाही तर डॉक्टर.

फळा_आणि_खडू

एक धोका बोलून दाखवतो. 'डबा सुधारला की सगळं सुधारेल' म्हणून वर्ष-दोन वर्षं घालवणारे पालक असतात. केव्हा थांबायचं?

मलप्रभाकाठ

बरोबर बोललात गुरुजी. एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) मुख्यतः आनुवंशिक कल असलेली अवस्था आहे, ती खाण्यानं होत नाही आणि खाण्यानं जातही नाही. लक्षणं बारा वर्षांआधी सुरू झालेली, सहा महिन्यांहून जास्त टिकलेली, आणि घरी व शाळेत दोन्हीकडं दिसणारी असतील तर आहाराचा प्रयोग चालू ठेवूनच दाखवायला न्या. फक्त शाळेतच त्रास असेल तर आधी डोळे आणि कान तपासा, फळा न दिसणारं मूलही लक्ष देत नाही. बोलता बोलता पाच-दहा सेकंद शून्यात बघतं, हाक मारली तरी कळत नाही, मग जिथं सोडलं तिथून पुढं बोलतं, असं असेल तर ते फिटचं रूप असू शकतं. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढून न्या, डॉक्टरला शंभर प्रश्नांपेक्षा तो उपयोगी पडतो. आरबीएसकेचं, म्हणजे मुलांच्या आरोग्यतपासणीचं सरकारी पथक शाळेत येतं तेव्हा नाव सांगा, तिथून जिल्हा रुग्णालयाच्या केंद्राकडं पाठवतात. पुढं लागलंच तर धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था आहे. जाताना शाळेच्या वह्या आणि वर सांगितलेली नोंदवही घेऊन जा.

कुंदानगरी

शाळेच्या फाटकाला लागूनच गाडा आहे, रंगीत नळ्या नि गोळा. मुख्याध्यापक म्हणतात रस्ता आमचा नाही.

घटप्रभा

अन्नसुरक्षेच्या २०२० च्या नियमानुसार जास्त चरबी-मीठ-साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. एसडीएमसीचा ठराव करून एक प्रत तालुक्याच्या अन्नसुरक्षा अधिकाऱ्याला आणि एक पंचायतीला द्या, पोच घ्या. अर्जात गाडा कुठं लागतो, कुठल्या वेळेत, काय विकतो एवढं लिहा, फाटकासकट फोटो जोडा. गाडेवाल्याशी भांडू नका, त्याचं पोट आहे. पन्नास मीटर पलीकडं सरकून भाजलेले शेंगदाणे, उकडलेलं कणीस, चुरमुरे-कांदा-लिंबू लावायला सांगून बघा.

निपाणकर

चुरमुऱ्यावर लिंबू, म्हणजे तुमचं लोहाचं पण झालं की वो!

मलप्रभाकाठ

झालं, पण सोबत मूठभर भाजलेले फुटाणे टाका. नुसत्या चुरमुऱ्यात लोह फारसं नसतं, मग लिंबू कशाचं शोषण वाढवणार?